त्रेसष्ट पोरांचा एक दंड

लोक माणसाला तोंडावरून ओळखतात. मी दंडावरून ओळखतो. मंगरूळपीरच्या स्टँडवर एखादा पिकल्या केसांचा गृहस्थ जवळ येऊन "ओळखलं काय काका?" असं विचारतो, तेव्हा मी म्हणतो, "बाही वर करा." बाही वर झाली की डाव्या दंडावरचे दोन गोल वण बघून मी त्याचं गाव सांगतो, घर सांगतो आणि त्या दिवशी तो किती वेळ रडला होता तेही सांगतो. यातलं निम्मं खरं असतं. उरलेलं निम्मं तो नाकारू शकत नाही, कारण तेव्हा तो सहा महिन्यांचा होता.

माझी नोकरी देवी काढण्याची. आता ज्यांच्या दंडावर तो वणच नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवी म्हणजे फोडांचा रोग. आधी ताप, मग अंगभर फोड. जगलं तर तोंडाची चाळणी व्हायची, कधी डोळा जायचा. एकदा रोग आला की त्यावर उपाय नव्हता. उपाय होता तो आधीचा. वासराच्या अंगावर वाढवलेली लस काचेच्या बारीक नळीतून यायची. दंडावर तिचा एक थेंब ठेवायचा. दांडीच्या टोकाला बारीक दातांचं एक चकतीएवढं चाक असायचं, त्याला आम्ही फिरकी म्हणायचो. ती स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची, निववायची, थेंबावर टेकवायची आणि वेढा द्यायचा. रक्त काढायचं नाही, नुसतं खरवडायचं. मग आईला बजावायचं की यावर राख लावू नको, शेण लावू नको, शेजारणीचं ऐकू नको. पहिल्या दोन गोष्टी बायका पाळत.

आठव्या दिवशी परत जाऊन दंड बघायचा. मोत्यासारखा फोड आला असेल तर 'उठली'. नसेल तर पुन्हा टोचायचं. म्हणजे आमच्या धंद्यात काम उरकून पळून जायची सोय नव्हती. आठव्या दिवशी तोंड दाखवायला यावंच लागे. ही अट ज्योतिष्यांना लावली असती तर वऱ्हाडात एक ज्योतिषी उरला नसता.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी हकीगत तिच्यावर उभी आहे. ज्याला एकदा खऱ्या देवी येऊन गेल्या, त्याच्या अंगावर लस सहसा उठत नाही. शरीर त्या पाहुणीला ओळखून असतं, दुसऱ्यांदा दार उघडत नाही.

तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्याचे. मला मंगरूळपीर आणि मानोऱ्याकडची गावं होती आणि एक सायकल होती. सायकलच्या मागं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मडकं, मडक्यात लस. उन्हात लस मरते, मग ती टोचा की पाणी टोचा, सारखंच. आमच्याकडे फाल्गुनातच ऊन असं पडतं की कावळे झाडापासून झाडापर्यंत पायी जातात. मी मडक्यावर माझ्या पिण्याचं पाणी ओतायचो आणि स्वतः तहानलेला राहायचो. खात्यानं याची दखल घेतली नाही. तशी खात्यानं माझी दुसरीही एक गोष्ट कधी हेरली नाही. मला स्वतःला सुईची भयंकर भीती वाटते. पायात काटा मोडला तर बायको तो काढेपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून बसतो.

तर चिंचपाटी नावाचं गाव. साल मी सांगत नाही, पण नव्या पैशाची भाषा अजून सुरू व्हायची होती. चिंचपाटीच्या ओढ्यापलीकडच्या गावात तीन घरांच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे लागल्याची खबर आली. डहाळे लागले म्हणजे आत देवीचा रोगी. दोन गावांत ओढा एवढाच आडोसा होता, आणि त्या ओढ्याला फाल्गुनात चिमणीचीही चोच भिजत नसे. चिंचपाटीत देवी न काढलेली लेकरं मी दारोदार फिरून मोजली. त्रेसष्ट.

मारुतीच्या पारावर शेषराव पाटील बसले होते. त्यांच्या मिशा एवढ्या मोठ्या की बोलणं आधी मिशांतून गाळून यायचं. मी म्हटलं, "पाटील, पोट्टे बोलवा. आजच काढून टाकू."

"पोट्टे कायले?" पाटील म्हणाले. "उकंडाले बोलावतो."

मला वाटलं उकंडा म्हणजे दवंडी देणारा. तर एक माणूस आला, आला म्हणजे सावली आधी आली, मग तो. चाळिशीचा, दारातून आडवा होऊन निघणारा. त्यानं सदरा काढला आणि डावा दंड माझ्यापुढं केला. दंड कसला, बैलाची मान होती.

पाटलांनी मला समजावून सांगितलं. उकंडा हा गावाचा मानकरी. मरीमायच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालायचं असतं, ते गावाच्या वतीनं उकंडा चालतो. नऊ दिवसांचा उपास गावाच्या वतीनं उकंडा करतो, गाव त्याच्यासमोर जेवतं. त्याच्या आज्याला या कामापायी गावानं दोन एकर जमीन दिलेली, ती याच्याकडे आली. मागं एकदा फौजदार चोरीचा तपास करायला आला आणि कुणाला तरी फटके मारल्याशिवाय जाईना, तेव्हा गावाच्या वतीनं फटके उकंडानं खाल्ले. हिवतापाच्या साथीत कोयनेलच्या कडू गोळ्या आल्या, त्याही अकरा घरांच्या यानं एकट्यानं गिळल्या आणि आठ दिवस त्याच्या कानात रेल्वे चालत राहिली. गोळ्या वाटणाऱ्यानं कागदावर लिहिलं, गावास औषध दिले. त्यात खोटं काय होतं?

"असं चालत नाही, पाटील," मी म्हटलं. "ज्याच्या अंगात लस जाईल त्यालेच राखण होते. जेवला उकंडा आन पोट भरलं तुमचं, असं होते काय?"

"उपास तो करते, पुण्य आमाले भेटते का नाई?"

"भेटत असन."

"विस्तवावर तो चालते, मरीमाय साऱ्या गावावर खूश होते का नाई?"

"होत असन."

"मंग सुईनंच काय घोडं मारलं?" पाटलांनी पारावरच्या लोकांकडे पाहिलं. "आन डाक्तर, आमाले सांगा, देवी काढाचा हुकूम कोनाचा?"

"सरकारचा."

"मंग सरकार काहून नाई आलं? त्याच्या वतीनं तुमी आले ना?"

पारावर हशा झाला.  

मी उकंडाच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि माझ्यातला शहाणा जागा झाला. त्या शहाण्यानं आयुष्यात माझं जेवढं नुकसान केलं तेवढं शत्रूनंही केलं नाही. उकंडाच्या तोंडावर देवीचे वण होते, बोट बुडेल एवढे. लहानपणी मोठ्या देवी येऊन गेलेला माणूस. याच्या अंगावर लस उठणारच नाही.

मी पारावर चढून म्हटलं, "ठीक आहे. उकंडालाच टोचतो. पन शर्त आयका. आठव्या दिवशी मी येईन. फोड आला तर मरीमायनं तुमचा मानकरी मंजूर केला, गाव सुटलं. फोड आला नाई, तर ज्याचा दंड त्यानं घेऊन याचा."

पाटलांनी मरीमायची शपथ घेतली, मीही घेतली. माझ्या हुशारीवर मी इतका खूश होतो, की आठ दिवस म्हणजे किती हे मी मोजलं नाही. पलीकडच्या गावातला रोग काही पारावर झालेल्या शर्तीत सामील नव्हता.

मग बाया आल्या. त्यांचं म्हणणं, लेकरं त्रेसष्ट, तर खुणाही त्रेसष्ट पाहिजेत. नाहीतर मरीमायला कसं कळणार की कुणाचं लेकरू आलं आणि कुणाचं राहिलं? मी कपाळावर हात मारला. एका गड्यावर त्रेसष्ट जागी लस घालवली तर लेकरांसाठी काय उरणार? मी दोन जागी खरी लस लावली आणि एकसष्ट जागी नुसती कोरडी फिरकी फिरवली. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. डावा दंड भरला, उजवा भरला, मग पाठ घेतली. एकेक बाई येऊन आपली जागा दाखवायची.

"हे आमच्या गंगारामचं. जरा वरतं घ्या, थो सारखा आजारी असते."

"आमच्याले तिच्या पोट्ट्यापेक्षा मोठं पाह्यजे."

उकंडा बसल्या जागी हलला नाही. त्याची विधवा बहीण तुळसा तेवढी लांब उभी होती, कडेवर चार वर्षांची पोरगी सोनी. दोघी उकंडाच्याच घरी राहायच्या. तुळसानं जागा दाखवली नाही, सोनीची खूण मी माझ्याच मनानं केली. ती नुसती माझ्या हाताकडे बघत होती, आणि कोरडी फिरकी बघणाऱ्या बाईची नजर मला आवडली नाही.

आठव्या दिवशी मी शीळ घालत चिंचपाटीत शिरलो. वेशीतच हलगी वाजत होती. गाव नटलेलं. पाटलांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि मला उकंडापुढं नेलं.

उकंडाच्या अंगावर त्रेसष्ट फोड होते.

मी मोजले. पुन्हा मोजले. टरारून आलेले, पाण्यानं भरलेले, काठानं काळे, एकेक पिकलेल्या करवंदाएवढा. जिथं लस लावली तिथंही, आणि जिथं मी निव्वळ कोरडी फिरकी फिरवली होती त्या एकसष्ट जागीही. वैद्यकशास्त्र मला शिकवणारे कंपाउंडर त्या क्षणी तिथं असते तर हिमालयात गेले असते. मी जरा जवळ गेलो, तेव्हा वास आला. काळा किनारा पाहिला आणि मला सगळं कळलं.

बिब्बा. आमच्या डोंगरात बिब्ब्याची झाडं आहेत. त्या बीचं तेल अंगाला लागलं की माणूस उततो. फोड येतात, आग होते, काळा डाग जन्मभर राहतो. धोबी त्यानं कपड्यांवर खुणा करतात, यानं स्वतःवर केल्या होत्या. पाच-सहा दिवस काही उठेना, गाव रोज येऊन आपापली जागा बघून तोंड पाडून जायचं, म्हणून मानकऱ्यानं गावाची लाज राखली होती.

आता माझी गंमत बघा. पारावर चढून मी म्हणायला पाहिजे होतं की हे खोटं आहे. "कशावरून?" असं पाटील विचारणार. "कारण एकसष्ट जागी मी लसच लावली नव्हती," असं मी सांगणार. म्हणजे त्याचं खोटं उघडं करायला माझं खोटं आधी उघडं करायला हवं होतं. दोन चोर एकाच पोत्यात होते आणि पोत्याचं तोंड दोघांनीही आतून धरलेलं. मी गळ्यातला हार कुरवाळत राहिलो. पाटील म्हणाले, "शर्त जितली. आता जेवून जा, डाक्तर."

 दुपारी मी उकंडाच्या घरी गेलो. गडी बाजेवर पालथा पडला होता. बिब्बा आता सगळ्या अंगभर उतला होता. तोंड असं सुजलेलं की डोळे शोधावे लागत. तुळसा खोबरं वाटून त्याच्या पाठीला लावत होती. मी दारात उभा राहिलो.

"या," ती म्हणाली. "लसवाले आले, दादा. तुले पाह्याले. का सोताची करामत पाह्याले?"

मी म्हटलं, "उकंडा, बिब्बा लावला ना?"

"नाई," उकंडा गादीत तोंड खुपसून म्हणाला. "मरीमायनं देल्लं."

"बाबा, एकसष्ट जागी म्या लसच नवती लावली. मरीमाय देईन कुठून?"

उकंडानं गादीतून मान वर काढली. मग तो म्हणाला, "तुमी खोटं टोचलं?"

"हो."

"गावाले फसवलं?"

"हो. आन तू?"

"म्या त गावासाठी फसवलं."

तुळसानं खोबऱ्याची वाटी आपटली. "दोघंबी खोटे. आन पलीकडं ओढ्यापार चवथ्या घराले डहाळा लागला, थो तेवढा खरा. दादा, तुह्या पाठीवर माह्या सोनीचा फोड कोन्ता रे? दाखव मले. थो फोड उठून माह्या पोरीले बोलवाले आलेल्या मरीमायले सांगन का, की हिचं झालं म्हून?"

उकंडानं तोंड पुन्हा गादीत खुपसलं.

"निखाऱ्यावर तू चालला, पाय तुहे जळले. आमचे नाई जळले," ती म्हणाली. "मंग सुई तू घेतली त वाचशीन तूच. हे समजाले मानकरी लागते काय?"

मी धंद्यात तेवीस वर्षं घालवली, खात्याची पत्रकं वाचली, भाषणं ऐकली. लस म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. ती उठली, सोनीला आणलं आणि तिचा दंड माझ्यापुढं धरला. "हिले काढा. खरी."

पोरीनं फिरकी बघितली आणि बाजेखाली शिरली. तेव्हा उकंडा उठून बसला. कसा बसला ते त्याचं त्याला ठाऊक, अंगाला टेकायला बोटभर जागा शाबूत नव्हती. त्यानं तिला ओढून मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "रडू नोको. मामाकडं पाह्य." मामाचं ते तोंड बघून पोरगी रडायचं विसरली. मी टोचलं. तिला कळलंही नाही.

मला तिथं वाट दिसली, पण ती वाट माझ्याआधी उकंडानं पकडली. तो तसाच उठला, कमरेला धोतर, अंगाला खोबरं, आणि पाराकडे निघाला. हलगीवाल्याच्या हातून हलगी घेऊन त्यानं दोन थापा मारल्या. गाव गोळा झालं.

"आयका," उकंडा म्हणाला. "त्रेसष्ट झनाचं देनं मरीमायनं माह्या एकट्याच्या आंगात भरलं. मले मावून नाई राह्यलं. पाहा, सांडून राह्यलं." त्यानं पाठ दाखवली. पाठ खरोखरच सांडत होती. "आता आपापला वाटा आपापल्या दंडावर घ्या. नाईतर मी फुटतो."

लोक दोन पावलं मागं सरले. एवढा मोठा माणूस फुटला तर काय काय होईल, याचा विचार प्रत्येकजण करत असावा.

पाटलांनी मिशीवर हात फिरवला. "पन उकंडा, मंग मानकरी कायचा? मान गेला ना तुहा."

हा प्रश्न उकंडाला टोचला, मला दिसलं. आज्यापासूनचा मान, दोन एकर आणि गावातलं नाव, सगळं त्या पारावर होतं.  तो पारावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मान कुठी जाते? लेकरू माह्या मांडीवर बसल्याबिगर सुई लावाची नाई. आन पयली मले लागन, मंग त्याहीले."

पाटलांनी मान डोलावली. त्या संध्याकाळपर्यंत एकेक लेकरू त्या सुजलेल्या मांडीवर बसलं, मामाचं तोंड बघून गार झालं आणि टोचून उठलं. दर लेकरू बसलं की उकंडाच्या तोंडून "स्स" असा आवाज यायचा. लोकांना वाटायचं मंत्र म्हणतोय.

बासष्ट झाले. एक कमी पडला. गंगाराम, ज्याच्या आईनं जागा जरा वरती मागितली होती. पाच वर्षांचा होता. उकंडाच्या पाठीवर त्याची खूण झाली, काळजी मिटली, म्हणून पाचव्या दिवशी बाप त्याला ओढ्यापलीकडे आत्याच्या घरी बारशाला घेऊन गेला होता. आठवड्यानं तो ताप घेऊन परत आला. जगला. एक डोळा गेला. बाकी गावात देवीचा फोड उठला नाही, आणि खात्यानं मला शाबासकीचा कागद दिला. तो कागद मी फाडला नाही, पण कधी भिंतीला लावलाही नाही. पारावर चढून शर्त लावायच्या ऐवजी त्या पहिल्याच दिवशी तुळसाशी बोललो असतो, तर मुलगा दोन डोळ्यांनी जग बघता. माझ्या शहाणपणाचे आठ दिवस त्याच्या तोंडावर आहेत.

पुढं देवी जगातूनच गेल्या आणि मी नोकरीतून गेलो. त्यानंतर पाच-सात वर्षांनी चिंचपाटीहून निरोप आला की नवी नर्सबाई आली आहे आणि गाव अडून बसलंय, तुम्ही या. गेलो. पारावर नर्सबाई कपाळाला आठ्या घालून बसली होती. लेकरांना घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात असं तिन्हींचं मिळून टोचायचं होतं. बाया रांगेनं उभ्या, एकीचीही ना नव्हती. अडचण एवढीच होती की लेकरू मानकऱ्याच्या मांडीवर बसल्याशिवाय सुई नाही, आणि मानकऱ्याच्या मांडीत आता दम उरला नव्हता. उकंडा सत्तरीला आलेला. हात कापत होते. कान त्या कोयनेलपासूनच अधू, आता तर पार गेलेले. शेजारी एकडोळ्या गंगाराम उभा होता, कडेवर तान्ही पोरगी. रांगेत त्याचा पहिला नंबर. तो पहाटेपासून येऊन बसला होता म्हणे.

"डाक्तर," उकंडा मोठ्यानं म्हणाला, बहिरे बोलतात तसा. "आता माह्या जागेवर तुमी बसा."

 एवढा मान मला खात्यानं दिला नाही, घरात तर प्रश्नच नाही. मी पारावर मांडी घालून बसलो, धोतर सारखं केलं आणि गंगारामच्या पोरीसाठी हात पुढं केले.

"थांबा, काका," गंगाराम म्हणाला. "पयली मानकऱ्याले."

नर्सबाईनं धनुर्वाताची सुई भरली. चांगली बोटभर लांब होती. मी तिच्याकडे झुकलो आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "बाई, माझ्या वतीनं दुसऱ्या कोणी घेतली तर चालत नाही काय?"

सुईच्या टोकावर थेंब आला होता. बाईला ऐकू आलं नाही, गंगारामलाही नाही. पण त्या ठार बहिऱ्या उकंडाला कसं कोण जाणे, ऐकू आलं. त्यानं कापत्या हातानं सदऱ्याची बाही वर करायला घेतली. दंड वाळला होता, पण बिब्ब्याचे काळे डाग तसेच होते, ओळीनं.

मग मला माझी वर करावी लागली.